पिशवी खाली, पण जमिनीला टेकलेली नको

दवाखान्यात मला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकीच्यांसाठी मी ‘हाथ धोने वाली मैडम’. पद इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं, म्हणजे दवाखान्यात संसर्ग पसरू न देणारीचं, पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार! मी वॉर्डाच्या दाराशी पोचले की आतून कुणीतरी हळूच म्हणतं, ‘मैडम आ गईं’, आणि पाठोपाठ हँडरबच्या, म्हणजे हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या, बाटल्यांचे पंप फसफसायला लागतात. मी समोर उभी असताना मोजलेला हात स्वच्छ करणाऱ्यांचा आकडा त्यामुळे नेहमीच गोजिरवाणा येतो. खरा अंदाज घ्यायचा तर मी नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात एखादी जुनी फाईल चाळत बसते, नाहीतर सिस्टर-इन-चार्जशी ड्युटीच्या तक्त्यावरून उगीच हुज्जत घालत राहते. नजर खाटांवर असते.

आमचं इंदूर स्वच्छतेच्या बाबतीत फार अभिमानी गाव आहे आणि तो अभिमान खोटा नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर, शेवटच्या खेपेला सुरतेबरोबर वाटून. इथली पोरं कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकत मोठी झाली. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक हे सहा प्रकार इथल्या गृहिणीला झोपेतसुद्धा सांगता येतात. गंमत म्हणजे त्यानेच आमच्या वॉर्डात घोळ होतो. घरी निळा डबा सुक्या कचऱ्याचा. आमच्याकडे २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे निळ्यात काच जाते, म्हणजे इंजेक्शनच्या औषधांच्या फुटलेल्या अँप्यूल आणि रिकाम्या व्हायल. त्यामुळे पेशंटचा एखादा शिस्तीचा नातेवाईक शेव-परमलचं रिकामं पाकीट घेऊन चारही डब्यांकडे बघतो आणि मोठ्या विश्वासाने निळ्यात टाकतो. त्याला रागवायचं कसं? त्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. आता साध्या कचऱ्याचा डबा आम्ही मुद्दाम खाटेजवळ ठेवतो आणि बाकीचे रंग ट्रॉलीपाशी, नातेवाइकांच्या हातापासून लांब.

या अभिमानाचा मला एक त्रासही आहे. लोकांच्या मनात स्वच्छता म्हणजे चकचकीत फरशी आणि फिनाईलचा वास. व्यवस्थापनातली मंडळी राउंडला आली की फरशीकडे बघतात, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवतात. भेटायला आलेल्या मामी ‘किती स्वच्छ ठेवलंय हो’ म्हणतात आणि पायातल्या चपला बाहेर काढून थेट पेशंटच्या गादीवर बसतात. पण फरशीवरचे जंतू उडी मारून कुणाच्या रक्तात शिरत नाहीत. त्यांना कुणीतरी न्यावं लागतं, आणि वॉर्डात ते काम आमचेच हात करतात. आयसीयूत आम्हाला छळणारा असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, पडद्याच्या कडेवर कोरड्यातही कितीतरी दिवस तग धरतो. फरशी आरशासारखी करा, तो कठड्यावर मजेत असतो.

माझ्या कामाचं मर्म मला सगळ्यात जास्त दिसतं ते पहाटे, युरिन बॅगा, म्हणजे नळीवाटे लघवी साठणाऱ्या पिशव्या, रिकाम्या करण्याच्या वेळी. सहाच्या आत सगळ्यांचं आउटपुट, म्हणजे किती लघवी झाली ते, लिहायचं असतं, रात्रपाळीची सिस्टर दमलेली असते, वॉर्डबॉयला घरी जायची घाई असते. तो ग्लोव्हज घालतो, चार नंबरच्या पिशवीचा खालचा नळ उघडतो. नळाचं तोंड मापाच्या जगच्या काठाला घासतं. जग भरतो, तो आकडा वाचतो, त्याच ग्लोव्हजने खिशातलं पेन काढून चार्टवर लिहितो, पेन परत खिशात. लघवी बेसिनमध्ये ओततो, पाण्याच्या नळाखाली जग नुसता विसळतो आणि तोच जग, तेच ग्लोव्हज घेऊन पाच नंबरकडे वळतो. मग सहा, मग सात. त्याच्या मनात काही वाईट नाही. उलट ग्लोव्हज घातले म्हणजे आपण नियम पाळतोय असंच त्याला वाटतं. ग्लोव्हजने त्याचे हात वाचले, चारचे जंतू मात्र पाचच्या नळाशी पोचले. पाचमध्ये कमरेचं हाड मोडलेल्या आजी आहेत, ज्यांना दवाखान्यात येताना लघवीचा कसलाच त्रास नव्हता.

हे दुरुस्त करायला जे लागतं ते खर्चिक नाही. प्रत्येक पेशंटचा स्वतःचा जग, खाटेच्या नंबरासकट. नळाचं तोंड जगला लागू द्यायचं नाही, बंद करताना स्पिरिट स्वॅबने पुसायचं. मग ग्लोव्हज काढायचे, हात चोळायचे आणि त्यानंतरच पेनला हात लावायचा. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, तुडुंब होईपर्यंत थांबायचं नाही, कारण जड पिशवी नळी ओढते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा बोलते की नव्या मुली माझी नक्कल करून दाखवतात. मला ठाऊक आहे. करू देत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग सांगितले: पेशंटला हात लावण्याआधी, सुई-नळी-ड्रेसिंगसारखं निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. भिंतीवर तक्ता आहे, सगळ्यांना पाठ आहे. पण माझ्या वहीतल्या खुणा बघितल्या तर एक गोष्ट लपत नाही. ‘नंतर’चे हात बहुतेक सगळे धुतात, राहून जातात ते ‘आधी’चे. नंतरचं धुणं आपल्यासाठी असतं, घरी लेकरं आहेत. आधीचं धुणं समोरच्यासाठी असतं. यात डॉक्टरही आले, आणि खरं सांगायचं तर डॉक्टर जरा जास्तच आले.

‘मैडम, टाइम कहाँ है?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो खरा आहे. धरून चला की आयसीयूतल्या एका सिस्टरला तासाला दहा वेळा हात स्वच्छ करायची पाळी येते. आठ तासांत ऐंशी. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं, हात पुसणं. दीड तास नुसता त्यातच गेला समजा. हँडरबला २० ते ३० सेकंद आणि बाटली खाटेच्या पायथ्याशीच असेल तर जाणं-येणं शून्य. अर्ध्या-पाऊण तासात भागतं. म्हणून बाटली कुठे टांगली आहे याला मी भाषणापेक्षा जास्त महत्त्व देते. दाराबाहेर भिंतीवर देखणी टांगलेली बाटली पाहुण्यांना दाखवायला ठीक. हात डोळ्यांना मळलेले दिसत असतील, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब असतील, तर मात्र साबण-पाणीच. त्याचे स्पोअर, म्हणजे त्याची बीजासारखी टणक रूपं, अल्कोहोलला दाद देत नाहीत. आणि साबणाच्या अर्ध्या बाटलीत वरून नवा साबण ओतायचा नाही. बाटली धुऊन, वाळवून मगच भरायची, नाहीतर साबणातच जंतूंची वस्ती होते.

पण हात कितीही धुतले तरी एका गोष्टीला पर्याय नाही. आत घातलेली नळी बाहेर काढणं. लघवीची नळी आत असली की दर दिवशी ३ ते ७ टक्क्यांच्या हिशेबाने लघवीत जंतू शिरण्याची शक्यता वाढत जाते. आणि ऑपरेशनसाठी घातलेली नळी ऑपरेशन झाल्यावर कुणाच्या लक्षात राहते? सर्जनला जखम दिसते. मेडिसिनच्या डॉक्टरांना वाटतं सर्जनने ठेवली असेल. नातेवाइकांना बरंच वाटतं, रात्री उठावं लागत नाही. आम्हालाही, खोटं कशाला बोला, बेडपॅनपेक्षा ते सोपं पडतं. नळी त्यामुळे सगळ्यांच्या सोयीने राहते आणि त्याची किंमत पेशंट ताप-थंडीने मोजतो.

आमच्या वॉर्डात आता सकाळच्या राउंडला सिस्टरने विचारायचंच: ‘सर, आज कॅथेटर काढायचा का?’ काढायचा नसेल तर का नाही, ते फाईलवर लिहायचं. सुरुवातीला काही ज्येष्ठ डॉक्टरांना हे आवडलं नाही. एकांनी ‘अब नर्स हमसे सवाल करेगी?’ असं विचारलंही. मी तेव्हा त्यांना पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या कामाची आठवण दिली. जॉन्स हॉपकिन्समधले हे डॉक्टर, त्यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली: हात धुणं, क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, अंगभर निर्जंतुक आच्छादन, मांडीची शीर शक्यतो टाळणं, आणि गरज संपताच नळी काढणं. यात नवं काहीच नव्हतं, प्रत्येक पुस्तकात होतं. नवं होतं ते हे, की एखादी पायरी गाळली तर नर्सने डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवायचं आणि व्यवस्थापनाने नर्सची बाजू घ्यायची. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमधला त्याचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातला संसर्ग जवळजवळ ६६ टक्क्यांनी उतरला आणि दीड वर्ष तसाच खाली राहिला. सगळे त्या यादीचं कौतुक करतात. मला त्यातली थांबवायची परवानगी मोठी वाटते. कागदावर पाच ओळी कुणीही छापेल. बावीस वर्षांच्या, झाबुआकडच्या गावातून आलेल्या मुलीने विभागप्रमुखांना ‘सर, ग्लोव्हज बदलिए’ म्हणायचं, याला छातीत बळ लागतं, आणि ते बळ पाठीशी कुणी उभं असल्याशिवाय येत नाही.

घरी पाठवलेल्या पेशंटची गोष्ट वेगळीच. लोकमान्य नगरात आमच्या ओळखीचे एक काका पक्षाघाताने पडून आहेत, त्यांना लघवीची नळी कायमचीच आहे. काकू जुन्या वळणाच्या, अजून नैवेद्याचं सोवळ्यात करतात. मी बघायला गेले तर पिशवी कुठे दिसेना. चादर उचलली तर ती काकांच्या मांडीशेजारी गादीवर, वरून शाल पांघरलेली. ‘अगं, येणारे-जाणारे असतात, बरं दिसतं का ते!’ लाजेची गोष्ट, तिथे मी काय वाद घालणार? पण पिशवी काकांच्या मूत्राशयाच्या पातळीत होती, म्हणजे साठलेली लघवी उलटी फिरायला वाट मोकळी. आम्ही जुन्या साडीच्या तुकड्याची एक खोळ शिवली, पिशवी त्यात घातली आणि खाटेच्या लोखंडी पट्टीला खाली टांगली. दिसतही नाही आणि टेकतही नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने धरून ठेवली, म्हणजे कूस बदलताना ओढ बसणार नाही. जिथून नळी आत जाते ती जागा रोज साध्या साबणाने धुवायची. तिथे डेटॉल ओतायचं नाही, पावडर नाही, हळद तर नाहीच. पिशवी आणि नळीचा सांधा उगाच उघडायचा नाही.

काकूंना हे सगळं एका खेपेत कळलं. ‘म्हणजे एकदा सुरू केलं की मध्येच कशाला शिवायचं नाही, असंच ना?’ अगदी असंच. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींना ड्रेसिंगची ट्रॉली लावताना हे अंगवळणी पडायला महिने लागतात, काकूंनी ते चुलीशी आयुष्यभर केलेलं. फक्त एक फरक मी त्यांच्यापाशी नाही तरी इथे लिहून ठेवते. सोवळ्याने माणसं वेगळी काढली, कोण शिवलं ते बघितलं. आमच्या शास्त्रात कुणाचाच हात जन्माने शुद्ध नसतो. सर्जनचा, माझा आणि झाडणाऱ्या बाईंचा हात सारखाच संशयित.

जाता जाता काकूंना दोन गोष्टी सांगितल्या, ज्या सगळ्याच घरांना लागू आहेत. लघवी गढूळ दिसली किंवा वास आला एवढ्यावरून औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणायचं नाही. फार दिवस नळी असलेल्याच्या लघवीत जंतू सापडतातच आणि दरवेळी औषध दिलं की पुढे कामाचं औषधच उरत नाही. पण हुडहुडी भरून ताप आला, ओटीपोटात दुखायला लागलं, माणूस अचानक बरळायला लागला, रक्त आलं किंवा काही तास पिशवीत काहीच जमलं नाही, तर वाट बघायची नाही.

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. राखीपौर्णिमेनंतर आमच्या वॉर्डातलं प्रत्येक मनगट बघा: रेशमी, खड्यांच्या, स्पंजच्या राख्या, त्यात आधीचा मंदिरातला लाल कलावा, वर पुष्कराज आणि पोवळ्याच्या अंगठ्या. कोपराखाली काही घालायचं नाही हा नियम सगळ्यांना मान्य असतो, पण बहिणीची राखी कापायला कोण धजणार? दिवसभर भिजून-वाळून तिचा रंग काळा होतो आणि तोच हात जखमेवर येतो. मी धर्माच्या वाटेला जात नाही. चेंजिंग रूममध्ये नावाच्या छोट्या पाकिटांचा एक डबा ठेवलाय. ड्युटीवर येताना राखी पाकिटात, जाताना परत मनगटावर. नवीन लग्न झालेल्या मुलींच्या बांगड्यांसाठीही तोच डबा. एका वॉर्डबॉयने तर राखी स्टेथोस्कोपला बांधायची युक्ती काढली होती. ‘भिया, वह भी तो मरीज को लगता है,’ असं त्याला शेजारच्याने सांगितलं, मला बोलावंच लागलं नाही.

सुया टोचल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पेशंट एचआयव्हीचा तर नव्हता?’ पेशंटला एचआयव्ही असला तरी त्या सुईने तो होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. पेशंटला हेपटायटिस बी असेल तर त्याची, लस न घेतलेल्याला, ३० टक्क्यांपर्यंत. आणि बीची लस आहे: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. तरी दुसऱ्या डोसनंतर तिसरा विसरलेले लोक मला दर तिमाहीत सापडतात, आणि तेच लोक एचआयव्हीच्या पेशंटच्या फाईलवर लाल पेनाने मोठं वर्तुळ काढतात. ते वर्तुळ काढायचं नाही. २०१७ चा एचआयव्हीविषयीचा कायदा माणसाची ती माहिती चव्हाट्यावर आणू देत नाही, आणि आमच्या कामाच्या दृष्टीनेही ते घातक आहे, कारण वर्तुळ नसलेल्या फाईलपाशी हात सैल पडतात. प्रत्येक रक्त संशयित धरायचं, मग कुणावर खूण करायची गरजच राहत नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही; साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही टाळायचं औषध सुरू करायचं झालं तर दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रात्री दोनला टोचली म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, मला उठवा. माझा फोन उशाशी असतो.

सध्या माझं भांडण स्टोअरशी चालू आहे. कॅन्युला, म्हणजे शिरेतली छोटी नळी, फ्लश करायला (आतून धुवायला) आमच्याकडे १०० मिलीची सलाईनची बाटली येते. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवतात आणि दिवसभर सगळ्या पेशंटांसाठी त्यातूनच सिरिंज भरतात. एकदा वापरलेली सिरिंज चुकून त्यात परत गेली की त्या बाटलीतून पुढे जो जो फ्लश होईल तो थेट शिरेत. मला १० मिलीच्या अँप्यूल हव्या आहेत, एका माणसाला एक, उरलेलं फेकायचं. स्टोअरचे साहेब म्हणतात, महाग पडतं. मी त्यांना आयसीयूच्या एका जादा दिवसाचं बिल दाखवलं. ते म्हणाले, ते बिल पेशंट भरतो, अँप्यूल मी भरतो. उत्तर प्रामाणिक होतं, मला राग येता येता राहिला. पुढच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत हाच विषय पहिला लावलाय. मेडिकल सुपरिंटेंडेंट आणि स्टोअरचे साहेब दोघंही असतील, आणि सुई खोचलेल्या त्या बाटलीचा फोटो मी मोठा छापून घेतलाय. तोवर बुचात खोचलेली सुई दिसली की ती काढून पांढऱ्या डब्यात आणि बाटली लाल डब्यात. त्या दिवशी स्टोअरमधून दुसरी बाटली मागवावी लागते. मागवू देत.